वाडगं

नोव्हेंबर सरत आला की किल्पिसयार्वीत सूर्य
कर्ज बुडवलेल्या माणसासारखा तोंड चुकवतो,
पन्नासएक दिवस.
माझ्या खोपटात तेव्हा दोन यंत्रं जागी:
एक सुईची थरथर लिहिणारं,
एक आभाळाला डोळा लावून बसलेलं.
त्या डोळ्यावरचं हिम पुसायला
एल्ले-मारेत येते, तासाच्या हिशेबाने,
खिशात सुकं मांस, खांद्यावर फासाचा दोर.

आज तिने विचारलं,
'हा उजेड एवढा जोर आणतो कुठून?'

मी सांगू लागलो:
सूर्याकडून वारा सुटतो,
पृथ्वीचा चुंबकी अंगरखा मागे ओढतो,
रात्रीच्या बाजूला त्याचं शेपूट होतं,
चंद्राच्याही पार गेलेलं.
ताणतं, ताणतं,
आणि चंद्राच्या वाटेवर, तिसरा हिस्सा चालून गेल्यावर कुठेतरी,
रेषा तुटतात.
लगेच जुळतातही, पण नव्या सोयरिकीने.
इकडच्या रेषा आखडत घराकडे झेपावतात
आणि त्यांना बिलगलेले इलेक्ट्रॉन...

इथे अडखळलो.
समीकरण पाठ होतं. शब्द नव्हता.

तिने हातमोजा काढला,
खिडकीच्या वाफेवर बोटाने गोल काढला.
'हे वाडगं.
शरदात कळप आत घेतो, आठशे जनावरं.
फिरतात डावीकडे वळत, नेहमी डावीकडेच,
का ते त्यांना ठाऊक.
वाडगं मोठं तोवर चालतात.
मग आम्ही बारा जणं
गोणपाटाची भिंत हातात धरून
आत सरकतो, पावलामागे पाऊल.
गोल आवळतो
आणि चालणारं जनावर दुडकं धरतं,
दुडकं टाकून भरधाव.
घोट्यांच्या शिरा वाजतात, टक टक टक,
मग एकच सलग आवाज.
कुणी पळा म्हणालं नाही,
कुणी चाबूक उगारला नाही.
जागा कमी होत गेली, एवढंच.'

हो, मी म्हणालो, हेच.
क्षेत्र दाटत जातं, गिरकी तापते.
पण आणखी एक रीत आहे, रेषेच्या लांबीने,
इकडून तिकडे...

'बोळ,' ती म्हणाली.
'या टोकाला इस्सात, त्या टोकाला हेआइका,
मध्ये चुकलेलं पाडस.
दोघं पुढे पुढे येत राहायचे, माझी पोरं, हट्टी.
पाडस याला पाहून उलटं, त्याला पाहून पुन्हा उलटं,
दर खेपेला जास्त घाईत.'

दर खेपेला थोडी भर, मी म्हणालो,
आणि लिहून घ्यावंसं वाटलं.

'मग सुटतं कसं?'

फट सापडते. खाली धावतं, इथल्या हवेवर आपटतं,
शंभर किलोमीटर वर.
प्राणवायू हिरवा होतो.

ती बराच वेळ गप्प.
बाहेर उत्तरेला सीमेची जाळी,
खालच्या कुरणात पर्यटकांच्या काचेच्या झोपड्या,
त्यांच्या पलीकडे गेल्या उन्हाळ्यात कुणी ठोकलेल्या
लाल टोकांच्या काठ्या, मोजणीच्या.

'इस्सात आता ट्रोम्सोला ट्रक चालवतो,' ती म्हणाली.
'फार जोरात चालवतो.'

नऊ बावन्नला सुई कोसळली.
आम्ही दारात गेलो.
हिरवी पट्टी डोंगरामागून उठली, दुमडली,
तिची खालची कड गुलाबी होऊन पळत सुटली
पूर्वेकडून पश्चिमेला, एवढ्या वेगाने
की माझ्या ओठांवर शीळ आली.
तिने माझ्या दंडाला धरलं:
त्याच्यासमोर शीळ घालायची नाही.
शाल डोक्यावरून ओढून घेतली तिने,
आणि मीही, का कोण जाणे, टोपी सारखी केली.

परत आलो तेव्हा खिडकीवरचा गोल
खालच्या बाजूने फुटला होता,
पाण्याची एकच धार, चौकटीपर्यंत.
तिने ती पाहिली की नाही, माहीत नाही.
वहीत तास लिहिले: दीड.
मग खोडून, एक.
'अर्धा बोलण्यात गेला,' म्हणाली,
आणि दार ओढून घेतलं.